कासची एक दिवसाची सहल: दर आणि जाहिरातीच्या नोंदी, हंगाम २०२५

१४ जून, शनिवार

गेल्या वर्षीची वही उघडून बसले. चार फेऱ्या, ४६ माणसे, माणशी ₹९९९. वसुली ₹४५,९५४. हंगाम संपला तेव्हा हातात पैसे खेळत होते, त्यामुळे बरे चालले असेच वाटत होते. आज पावत्या ओळीने लावल्या. गाडी, ड्रायव्हरचा भत्ता, वाटाड्या, पार्किंग, किरकोळ मिळून एका फेरीला ₹८,५००. शिवाय खाण्यापिण्याचे माणशी ₹३००. एकूण खर्च ₹४७,८००. म्हणजे ₹१,८४६ घरातून गेले, आणि त्यात माझी मजुरी एक रुपयाही धरलेली नाही.

चूक कुठे झाली ते एका ओळीत सापडले. दर काढताना मी खर्चाला १५ ने भागले होते, म्हणजे गाडी भरली असे गृहीत धरले होते. सतरा सीटची ट्रॅव्हलर, एक सीट माझी, एक वाटाड्याची, विकायला उरतात १५. गेल्या वर्षी १५ माणसे एकदाही आली नाहीत. ११, १२, ९, १४ अशी आली.

आणि ९९९ कुठून आला? पुण्याच्या एका जाहिरातीत तो आकडा होता, म्हणून मीही तोच लावला. त्यांचा खर्च काय, ते किती गाड्या सोडतात, जेवण देतात की नाही, यातले काहीच मला ठाऊक नव्हते.

१७ जून, मंगळवार

गाडीचे आधी ठरवायचे. गेल्या वर्षी एका गाडीमालकाने ऐन सकाळी पांढऱ्या पाटीची गाडी पाठवली. "काही होत नाही ताई" म्हणाला. मी लोक बसवले आणि दिवसभर पोटात गोळा घेऊन फिरले. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवली आणि वाटेत काही झाले, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. पंधरा घरची माणसे माझ्या भरवशावर घाट चढतात. यंदा पिवळी पाटी, पर्यटक परवाना आणि विम्याची प्रत आगाऊ व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली. नवीन मालकांनी तासाभरात पाठवली. त्यांचा दर दिवसाला ₹६,५००, डिझेल धरून. ड्रायव्हरकाकांचा भत्ता ₹५०० वेगळा. ₹४०० ने महाग पडते. चालेल.

२५ जून, बुधवार

आज मार्ग कापला. गेल्या वर्षी मी एका दिवसात कास, बामणोली, ठोसेघर आणि सज्जनगड दाखवत होते. कागदावर चार नावे भरगच्च दिसतात. प्रत्यक्षात ठोसेघर-सज्जनगडाची वाट वेगळी. यवतेश्वरचा घाट उतरून पुन्हा शहरात यायचे आणि परत चढायचे. लोक कासला पाऊण तास थांबत, फोटो काढत, आणि मी "चला, चला" करत उभी. तेच मला सगळ्यांत खटकत होते. ज्या पठारासाठी माणूस एवढ्या लांबून येतो, तिथूनच त्याला हाकलायचे!

यंदा फक्त कास. सकाळी पठार, मग गावात जेवण, दुपारी कास तलाव, आणि ज्यांचे पाय चालतात त्यांच्यासाठी कुमुदिनी तळ्यापर्यंतची पायवाट. एवढेच.

दुसरा निर्णय: सहल पुण्याहून नव्हे, साताऱ्याहून सुरू. पुण्याहून गाडी नेली की जाऊन येऊन सव्वादोनशे किलोमीटर आणि दोन टोलनाके वाढतात, गाडीमालक तीनशे किलोमीटरचा हिशेब लावतात. त्यापेक्षा लोकांनी स्वारगेटहून विनाथांबा एसटीने यावे. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे, ७५ च्या पुढच्यांना मोफत. माझ्याकडे येणाऱ्यांत बायका आणि निवृत्त माणसेच जास्त. ही सवलत सरकार देत असताना मी त्यांना माझ्या गाडीत बसवून पूर्ण भाडे का लावायचे? सातारा एसटी स्टँड, साडेआठ वाजता. संध्याकाळी साडेपाचला परत स्टँडवर.

३ जुलै, गुरुवार

जेवणाचे ठरले. पठाराच्या वाटेवरच्या एका घरी मावशी करून घालतात. आज स्वतः जाऊन जेवले. नाचणीची भाकरी, पिठलं, वरणभात, हिरव्या मिरचीचा ठेचा, वाटीभर दही. भाकरी तव्यावरून थेट ताटात. पावसाने ओटीवर गारठा होता आणि ताटातून वाफ येत होती. मावशींनी ₹१५० सांगितले. मी ₹१८० म्हटले आणि सोबत दोन अटी घातल्या: पंधरा माणसे एका पंगतीत बसली पाहिजेत आणि शेवटच्या माणसालाही भाकरी गरम मिळाली पाहिजे. त्यासाठी त्यांना जावेला मदतीला घ्यावे लागेल. जास्तीचे तीस रुपये त्याचे.

१२ जुलै, शनिवार

दर.

बैठा खर्च, म्हणजे एक माणूस आला काय नि पंधरा आले काय, होणारच तो: गाडी ६,५००, भत्ता ५००, पार्किंग २००, वाटाड्या १,०००, किरकोळ (प्रथमोपचार, फोन, छापील चिठ्ठ्या) ३००, आणि माझी मजुरी १,५००. बरोबर ₹१०,०००. माणशी खर्च: नाश्ता-चहा ७०, जेवण १८०, संध्याकाळचा चहा आणि कंदी पेढा ४०, इतर १०. म्हणजे ₹३००.

मजुरी खर्चात लिहिताना हात अडखळला, हे लिहून ठेवते. घरच्या धंद्यात बाईच्या दिवसाला मोल लावायची सवयच नाही. पण उद्या मी आजारी पडले तर माझ्या जागी कुणाला तरी ₹१,५०० देऊनच पाठवावे लागेल. मग तो खर्च आजही आहेच.

आता ९९९ ला माणशी ६९९ उरतात. दहा हजार भरून काढायला १५ माणसे लागतात. म्हणजे गाडी पूर्ण भरल्यावर मी शून्यावर. हे आकडे बघून भाऊसुद्धा गप्प झाला.

मी उलट बाजूने गेले. गेल्या वर्षीची माझी सगळ्यांत लहान फेरी ९ जणांची होती. नऊ आले तरी पदरचे जाऊ नयेत, असा दर हवा. ₹१,४५० ला माणशी १,१५० उरतात, नऊ जणांत १०,३५०. जमले. बारा आले तर ३,८०० उरतात, पंधरा आले तर ७,२५०.

पाचच आले तर? मग ट्रॅव्हलर नाही. पिवळ्या पाटीची अर्टिगा, ड्रायव्हरसह ₹३,५००, वाटाड्या पठारावरच भेटेल. बैठा खर्च ₹६,५०० वर येतो. पाच जणांत ५,७५० जमतात, ७५० माझ्या मजुरीतून जातात. तेवढे सोसते. पाचपेक्षा कमी असले तर तीन दिवस आधी फोन करून सहल रद्द, पैसे परत किंवा पुढची तारीख.

भाऊ म्हणाला, रविवारी २०० जास्त लाव, बुधवारी २०० कमी. बाजार असाच चालतो, हे खरे. पण कासला बुधवार हा रविवारपेक्षा चांगला दिवस आहे. गर्दी नसते, वाटाड्याचे बोलणे ऐकू येते, फुलांजवळ बसता येते. तो दिवस स्वस्त केला तर लोकांना वाटेल, त्यात काहीतरी कमी आहे. दर एकच ठेवला. बुधवार का बरा, ते जाहिरातीत शब्दांत सांगेन.

२६ जुलै, शनिवार

जाहिरातीचा मजकूर. गेल्या वर्षी मी लिहिले होते, "फुलांचा स्वर्ग! फक्त ₹९९९!" आणि खाली कुठूनतरी मिळालेला, अख्खे पठार गुलाबी दिसणारा फोटो. पुण्याच्या एका आजींनी पठारावर उभे राहून तो फोटो मोबाईलवर माझ्यासमोर धरला आणि विचारले, "बाळा, हे कुठंय?" तेरडा अजून फुलायचा होता. त्या रागावल्या नव्हत्या. त्यामुळेच जास्त लागले.

जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, त्यावर पावसाच्या हिशेबाने एकामागून एक फुले येतात आणि जातात. दीपकाडी सगळ्यांत आधी, मग चवर. पुढे पांढरे गेंद, निळी-जांभळी सीतेची आसवे, गुलाबी तेरडा. शेवटी पिवळा रंग, मिकी माऊस आणि सोनकी. कुठल्या आठवड्यात काय दिसेल, हे पाऊस ठरवतो. मग मी "गालिचे" विकायचेच नाहीत. मी ओळख विकते. दोन तास फुलांपाशी बसून, नाव सांगून, का उगवते ते सांगून दाखवणारा माणूस.

नवीन मजकूर:

"कास पठार, एक दिवस, सातारा ते सातारा. माणशी ₹१,४५०. त्यात गाडी, नाश्ता, गावातल्या घरचे जेवण, चहा-पेढा आणि फुले ओळखून सांगणारा गावातलाच वाटाड्या. पठाराचे प्रवेश शुल्क वेगळे, पठार सांभाळणाऱ्या समितीच्या पावतीप्रमाणे. जागा १५. पाऊस असला तरी सहल होते. घाट बंद झाला तर सगळे पैसे परत."

प्रवेश शुल्क दरात धरायचे की नाही, यावर दोन दिवस घातले. ते समिती ठरवते. त्यांनी बदलले की माझा छापील दर खोटा. पण वेगळे ठेवले आणि शेवटी सांगितले, तर तीही फसवणूकच. आधी कमी दर दाखवून नंतर एकेक रक्कम चढवत न्यायची, या प्रकाराला केंद्राच्या २०२३ च्या ग्राहक संरक्षण मार्गदर्शक सूचनांनी अनुचितच ठरवले आहे. म्हणून त्याच ओळीत, त्याच अक्षरात. पोस्ट टाकायच्या दिवशीचा आकडा बघून लिहायचा.

फोटो माझेच, प्रत्येकावर तारीख. हंगामात दर सोमवारी पठारावर जाऊन त्या आठवड्याचे चार फोटो स्टेटसला टाकायचे, काही फुलले नसले तरी.

१८ ऑगस्ट, सोमवार

फेसबुकवर पैसे घालून जाहिरात केली. चार दिवस, ₹३,०००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ₹३,५४०. पुणे आणि मुंबई दोन्ही धरले. ६४ मेसेज आले. मोबाईल खाली ठेवायला फुरसत नव्हती, छाती भरून आली. आज मोजले: आगाऊ रक्कम भरणारे पाच. म्हणजे एका बुकिंगला ₹७०८. माझ्या १,१५० मधले निम्म्याहून जास्त तिथेच गेले.

मुंबईकडून आलेले बहुतेक सगळे "पिकअप कुठून?" विचारून गप्प झाले. साताऱ्यापर्यंत स्वतः या, हे त्यांना जमणारे नाही. चूक त्यांची नाही, मी जिथे ओरडले तिथे माझे गिऱ्हाईक नव्हते.

त्याच चार दिवसांत व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून आणि गेल्या वर्षीच्या लोकांना केलेल्या फोनवरून ११ जण आले, एक पैसा न घालता. गेल्या वर्षीच्या ४६ जणांना मी एकेक फोन केला होता. आजींनाही केला. दर वाढल्याचे आणि कारणही सांगितले. त्या म्हणाल्या, "मग यंदा तेरडा असेल तेव्हा कळव."

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पुण्याच्या एका एजंटाचा फोन. २० टक्के मागतात. माणशी २९० गेले की ८६० उरतात, मग नऊऐवजी १२ माणसे लागतात. माझे सगळे गणित नऊवर उभे आहे. दहा टक्के म्हटले, माणशी ₹१४५, आणि गिऱ्हाइकाला दर तोच. तयार झाले.

त्यांची दुसरी सूचना होती, ₹१,९९९ लिहून त्यावर रेघ मारा आणि खाली १,४५० लिहा. शिवाय "फक्त २ जागा शिल्लक" रोज टाका. मी १,९९९ ला कधी कुणाला नेलेच नाही, मग रेघ कशावर मारू? जागा दोन उरल्या की दोन लिहीन, अकरा उरल्या तर अकरा लिहीन. मी नाही म्हणाले.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झाले, आज फोन थंड. पितृपंधरवडा लागला. आई म्हणाली, या दिवसांत लोक नवे काही ठरवत नाहीत. ठरलेल्यांनी मात्र एकानेही रद्द केलेले नाही. पुढच्या वर्षी गणपतीआधीच या पंधरवड्याच्या तारखा भरायच्या, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले.

१० सप्टेंबर, बुधवार

पहिली फेरी. पाच जण, अर्टिगा. हिशेबाने ₹७५० माझ्या मजुरीतून गेले, जसे मांडले होते तसेच.

पण दिवस! वाटाड्या कासाणीचा मुलगा, विशीतला. त्याने सगळ्यांना आधी दगडावर पाय ठेवायला शिकवले, मातीवर नाही. मग एका पाणथळ जागेपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "ताई, सगळ्यांना खाली बसवा. उभं राहून हे दिसत नाही." सीतेची आसवे, जांभळी, नखाएवढी. तो सांगत होता की या झाडाला बुडाशी बारीक पिशव्या असतात, पाण्यातले डोळ्याला न दिसणारे जीव त्यात ओढले जातात, कारण या मातीत झाडाला पुरेसे खायला नाही. शेजारीच दवबिंदू या कीटक खाणाऱ्या रोपाच्या केसांवर एक चिलट चिकटलेले. एक निवृत्त शिक्षक चष्मा कपाळावर चढवून पंधरा मिनिटे तिथेच होते. घाई करायला कुणी नव्हते, मीही नाही.

उतरताना त्यांनी विचारले, "पुढच्या बुधवारी वेगळं काही फुललेलं असेल का?"

१४ सप्टेंबर, रविवार

१३ जण. रस्त्यावर गाड्यांची रांग, पार्किंगपाशी पाऊण तास गेला. प्रवेशाची ऑनलाइन वेळ आधी घेतली होती म्हणून निभावले. मावशींची पंगत अर्धा तास लांबली, पण भाकरी गरमच होती. दुपारी सरी आल्या. दोघांनी विचारले, पावसाचे पैसे परत मिळतील का? जाहिरातीतली ओळ दाखवली आणि समजावून सांगितले. ते ऐकून घेऊन पुन्हा छत्री उघडून चालायला लागले. ती एक ओळ नसती तर आज वाद झाला असता.

बुधवार, १७ ची फेरी रद्द, बुकिंग दोनच. संध्याकाळी दोघांनाही फोन करून २१ तारखेला बसवले.

२१ सप्टेंबर, रविवार

१५. पहिल्यांदा गाडी भरली. आजी आल्या. तेरडा होता.

२४ सप्टेंबर, बुधवार

कोथरूडच्या भिशीचा ग्रुप, १४ जणी. एसटीने अर्ध्या तिकिटात आल्या, स्टँडवर उतरल्या तेव्हाच हसत होत्या. नवरात्रामुळे सहा जणींचे उपवास. हे मी आधी विचारलेच नव्हते. मावशींनी ऐनवेळी वरई आणि दाण्याची आमटी केली, वर एक पैसा मागितला नाही. मीच ₹२०० हातात ठेवले, किरकोळमधून. बुकिंगच्या मेसेजमध्ये "उपवास आहे का?" हा प्रश्न आजच घातला.

ग्रुपने सूट मागितली होती. दर कमी केला नाही. त्यांना रविवारची गर्दी टाळून हा दिवस सुचवला आणि तलावापाशी एक तास वाढवून दिला. ड्रायव्हरकाकांनीही काही कुरकुर केली नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

धो धो पाऊस. ९ जण. उरले ₹३५०. घाट उघडा होता. पठारावर धुके इतके की हाताच्या अंतरावरचे फूलच काय ते दिसे. कुणी तक्रार केली नाही. नऊचा आकडा जुलैत धरला नसता तर आजची फेरी मला जड गेली असती.

१२ ऑक्टोबर, रविवार

१ तारखेच्या बुधवारी ११ जण आले आणि हंगाम मिटला. हिशेब: सहा फेऱ्या, ६७ माणसे, वसुली ₹९७,१५०. फेऱ्यांतून उरले ₹२०,५५०. त्यातून फेसबुकचे ३,५४०, पत्रकांचे १,२००, एजंटाने पाठवलेल्या चौघांचे ५८० वजा केले तर ₹१५,२३०. माझी मजुरी ₹९,००० वेगळी, ती फेरीगणिक घेतलेली. आईने वहीत ती रक्कम स्वतः बघितली आणि दोनदा वाचली.

पत्रकांवरून एकही माणूस आला नाही. ती पुन्हा छापायची नाहीत. फेसबुक फक्त पुण्यासाठी, आणि बुधवारच्या फेऱ्यांसाठीच.

थंडीसाठी दुसरी सहल मांडते आहे: लिंबची बारा मोटेची विहीर, क्षेत्र माहुलीचा कृष्णा-वेण्णा संगम, जेवून वाईचा ढोल्या गणपती आणि मेणवलीचा घाट. लिंबच्या विहिरीपाशी परवा दोन तास घालवले. वरच्या दालनातून खाली बघताना एकेका मोटेच्या जागेवर बोट ठेवून मोजले. तिथे फुलांसारखी हंगामाची घाई नाही, पण सांगणारा माणूस चांगला हवा, आणि त्याचे ₹१,००० आधी धरायचे.

आज मावशींचा फोन आला. गॅस आणि पीठ महागले, पुढच्या वर्षी ताट ₹२०० ला करावे लागेल म्हणाल्या, जरा चाचरतच. मी लगेच हो म्हटले. माणशी खर्च ३२० होतो, उरतात १,१३०, नऊ जणांत १०,१७०. नऊचा आकडा हलत नाही. दर ₹१,४५० कायम.